पेन्सिलएवढ्या रॉकेटपासून उपग्रहापर्यंत : हिदेओ इतोकावा



आज आधी दप्तरातली मोठी पट्टी बाहेर काढा. ३० सेंटीमीटरची. शून्यावर एक बोट ठेवा आणि २३ वर दुसरं. आता आपल्या अंगठ्याची जाडी बघा. बस्स, एवढंच! जपानमध्ये १९५५ साली उडवलेलं एक रॉकेट याच मापाचं होतं. लांबी २३ सेंटीमीटर, जाडी १.८ सेंटीमीटर आणि वजन सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे दोन मध्यम कांद्यांएवढं. त्याचं नावच पेन्सिल रॉकेट. पुढे पंधरा वर्षांनी याच पेन्सिलीच्या पणतूने जपानचा पहिला उपग्रह अवकाशात सोडला.

मी वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलं हसली. एकाने तर विचारलं, सर, दिवाळीतला बाण याहून मोठा असतो की! खरं आहे. म्हणूनच ही गोष्ट सांगायची. रॉकेट म्हटलं की आपल्याला शेकडो टन वजनाचं, इमारतीएवढं उंच काहीतरी आठवतं. पण कमी पैशांत, लहान रॉकेटने लहानसा उपग्रह कसा सोडायचा, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर धरून ठेवला त्यांत हिदेओ इतोकावा यांचं नाव फार वर आहे. जपानमध्ये त्यांना रॉकेटचे जनक म्हणतात.

इतोकावांचा जन्म २० जुलै १९१२ रोजी टोकियोत झाला. टोकियोच्या विद्यापीठात ते विमानशास्त्र शिकले आणि १९३५ साली पदवी घेऊन नाकाजिमा या विमान बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागले. तिथे हायाबुसा नावाच्या लढाऊ विमानाच्या आराखड्यावर त्यांनी काम केलं. हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा. हे नाव लक्षात ठेवा मुलांनो, गोष्टीच्या शेवटी ते परत येणार आहे. १९४१ मध्ये ते विद्यापीठात शिकवायला आले.

मग दुसरं महायुद्ध संपलं. जपान हरला. जिंकलेल्या देशांनी जपानला विमानं बनवायची तर सोडाच, विमानांवर संशोधन करायचीही बंदी घातली. ही बंदी १९५२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सात वर्षं चालली. विचार करा, ज्या माणसाचं सगळं शिक्षण विमानाचं, त्याला विमानाला हात लावायचा नाही! सुताराच्या हातातून रंधा काढून घ्यावा तसं झालं.

इतोकावांनी मग आवाजाचा अभ्यास सुरू केला. व्हायोलिनच्या लाकडाची कंपनं मोजून उत्तम व्हायोलिन कसं बनेल यावर त्यांनी अनेक वर्षं घालवली आणि खरोखरच एक व्हायोलिन बनवलं. मेंदूतल्या विद्युतलहरी मोजणाऱ्या यंत्रावरही काम केलं. ते यंत्र शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याला भूल किती चढली आहे हे पाहायला उपयोगी पडे. याच कामासाठी १९५३ मध्ये ते अमेरिकेत शिकागोला गेले. तिथे माणूस अवकाशात गेला तर त्याच्या शरीराचं काय होईल याचा अभ्यास सुरू झालाय, हे त्यांच्या नजरेला आलं. म्हणजे अमेरिका माणूस वर पाठवायचा विचार करतेय तर! ते परत आले ते रॉकेट डोक्यात घेऊनच.

आता इथे एक मुद्दा समजून घ्या. बंदी उठली होती, पण तोपर्यंत बाकीचे देश जेट विमानांत कितीतरी पुढे गेले होते. त्यांच्या मागे धावण्यात अर्थ नव्हता. म्हणून इतोकावांनी पंख्याचं विमान नाही, जेट नाही, एकदम रॉकेटच धरलं. त्यांचं पहिलं स्वप्न तर असं होतं की पॅसिफिक महासागर वीस मिनिटांत ओलांडणारं रॉकेट-विमान बनवायचं. ते काही झालं नाही. पण त्यासाठी १९५४ मध्ये विद्यापीठात एक छोटा गट तयार झाला.

गट झाला. पण रॉकेटचं इंधन? पैसे तर नव्हतेच. चौकशी करता एका कारखान्यात घन इंधनाच्या छोट्या कांड्या मिळाल्या. खांद्यावरून डागायच्या अस्त्रासाठी हे इंधन बनवत. कांडी कशी, तर मॅकरोनीसारखी मधून पोकळ. लांबी १२.३ सेंटीमीटर, बाहेरची जाडी साडेनऊ मिलिमीटर आणि मधलं भोक दोन मिलिमीटरचं. मिळालेली कांडी एवढीशी, म्हणून रॉकेटही एवढंसं. मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो. आधी मोठ्या रॉकेटचं चित्र काढून मग त्याला लागणाऱ्या वस्तूंसाठी वर्षानुवर्षं अर्ज करत बसायचं, हे त्यांनी केलं नाही. हाताशी कांडी आहे ना? मग कांडीला बसेल असं रॉकेट.

दुसरी अडचण अजून मोठी. वर उडालेलं रॉकेट कुठे गेलं, किती वेगाने गेलं हे पाहायला रडार लागतं. ते नव्हतं. मग युक्ती काय केली माहीत आहे? रॉकेट वर उडवायचंच नाही, आडवं उडवायचं!

टोकियोजवळ कोकुबुंजी इथे बंद पडलेला एक बंदुकीचा कारखाना होता. त्याच्या चाचणीच्या खंदकात आडवी नळी बसवली. नळीपुढे थोड्या थोड्या अंतरावर पातळ कागदाचे पडदे लावले आणि प्रत्येक पडद्यावर बारीक तार चिकटवली. रॉकेट पडदा फाडून गेलं की तार तुटणार, तार तुटली की वेळेची नोंद होणार. एका पडद्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर माहीत, वेळ माहीत. वेग काढता येईल ना? अंतर भागिले वेळ! पाचवी-सहावीचं गणित. शिवाय कागदाला पडलेल्या भोकात रॉकेटच्या शेपटीच्या पंखांचे काप उमटत. एका पडद्यावरचा काप आणि दुसऱ्या पडद्यावरचा काप यांची जागा किती सरकली ते पाहिलं की रॉकेट स्वतःभोवती किती फिरलं हेही समजे. सोबत वेगाने चित्रं टिपणारे कॅमेरे होते. रडारचं काम कागदाने केलं!

१२ एप्रिल १९५५ रोजी अधिकारी आणि पत्रकारांसमोर पेन्सिल रॉकेट उडवून दाखवलं. कारखान्याच्या भिंतीपलीकडून रेल्वे जायची, म्हणून गाडी येताना दिसली की उलटी मोजणी थांबवायची, गाडी गेली की पुन्हा सुरू. त्या महिन्यात अशी २९ रॉकेटं उडवली. कुणाचं नाक पितळेचं, कुणाचं पोलादाचं, कुणाचे पंख सरळ, कुणाचे थोडे तिरपे. एका मोठ्या रॉकेटच्या किमतीच्या अगदी लहानशा भागात २९ वेगवेगळे प्रयोग झाले. लहान रॉकेटचा खरा फायदा हा. चुकलं तर दुसरं तयार!

ऑगस्टमध्ये हे सगळे अकिता प्रांतातल्या मिचिकावा नावाच्या समुद्रकिनाऱ्यावर गेले. आता आडवं नाही, आकाशात. रॉकेट थोडं लांब केलं होतं, ३० सेंटीमीटर. ६ ऑगस्टला दुपारी पहिलं पेटवलं, आणि ते मांडणीवरून खाली घसरून वाळूत सैरावैरा पळत सुटलं. आपलं भुईचक्र कसं पळतं तसं! जमलेल्या लोकांना काय वाटलं असेल? पण तासाभराने दुसरं लावलं. ते ६०० मीटर वर गेलं आणि १६.८ सेकंदांनी समुद्रात पडलं.

यानंतरचा प्रवास भराभर झाला. पेन्सिलनंतर बेबी, बेबीनंतर काप्पा. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होतं. जगभरातले शास्त्रज्ञ वातावरणाच्या वरच्या थरांची मोजमापं घेणार होते आणि जपाननेही रॉकेटने मोजमाप करून द्यायचं कबूल केलं होतं. सप्टेंबर १९५८ मध्ये काप्पा-६ हे रॉकेट ६० किलोमीटर उंच गेलं आणि शब्द पाळला गेला. १९६० मध्ये काप्पा-८ जवळजवळ दोनशे किलोमीटरपर्यंत पोहोचलं. पेन्सिलच्या ६०० मीटरपासून इथवर यायला पाचच वर्षं लागली.

रॉकेट मोठं झालं तसा मिचिकावाचा किनारा अपुरा पडू लागला. समोर जपानचा समुद्र आणि त्यापलीकडे दुसऱ्या देशांची जमीन. मोकळा पॅसिफिक हवा होता. इतोकावा जागा शोधत दक्षिणेकडे कागोशिमा प्रांतात ओसुमी द्वीपकल्पावर गेले. तिथे उचिनौरा नावाचं गाव आहे. सगळा डोंगर, सपाट जागा कुठेच नाही. असं सांगतात की डोंगरातल्या रस्त्यावर ते लघुशंकेसाठी गाडीतून उतरले, समोर पसरलेला समुद्र पाहिला आणि जागा इथेच करायची हे ठरवून टाकलं. सपाट मैदान नसलं म्हणून काय झालं, डोंगराचे माथे कापून त्यावर एकेक इमारत बसवू, असा त्यांचा हिशोब. १९६२ मध्ये मिचिकावाला एका काप्पा रॉकेटचा स्फोट झाला आणि तिथलं काम थांबलं. १९६३ च्या डिसेंबरमध्ये उचिनौराचं केंद्र सुरू झालं. आपल्या केरळातल्या थुंबा इथून पहिलं रॉकेट उडालं तेही १९६३ च्याच नोव्हेंबरमध्ये, अवघं काही दिवस आधी.

उचिनौराच्या बायकांचं कौतुक केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गावातल्या महिला मंडळाने रस्त्याच्या कामात हात लावला, बाहेरून आलेल्या संशोधकांना घरचं असल्यासारखं सांभाळलं.

आता मुख्य भाग. जरा लक्ष देऊन वाचा.

उपग्रह सोडायचा म्हणजे नुसतं उंच जाऊन चालत नाही. उंच फेकलेला दगड खालीच येतो. वर गेल्यावर त्याला आडवा वेग द्यावा लागतो, आणि तोही सेकंदाला जवळजवळ आठ किलोमीटर. मग तो पडत राहतो, पण पृथ्वी गोल असल्यामुळे जमिनीला लागत नाही, फिरत राहतो. त्यासाठी बाकीच्या देशांची रॉकेटं वाटेत आपली दिशा सतत तपासत आणि दुरुस्त करत. ही दिशा सांभाळणारी यंत्रणा महाग, अवघड. आणि जपानमध्ये आणखी एक अडचण होती. युद्धाच्या जखमा ताज्या होत्या. अशी यंत्रणा बसवली की रॉकेटचं क्षेपणास्त्र होईल, अशी भीती अनेकांना वाटे. त्यामुळे ती बसवायला विरोध होता.

इतोकावांच्या गटाने मग ठरवलं की ती यंत्रणा सोडूनच द्यायची. मग कसं जमवायचं?

चेंडू तिरपा वर फेकून पाहा. तो वर जातो, हळूहळू वाकतो आणि सगळ्यात उंच ठिकाणी क्षणभर अगदी आडवा चालतो. त्याला कुणी वळवलं का? नाही, गुरुत्वाकर्षणाने वळवलं. हे रॉकेटही तसंच तिरपं सोडायचं. खालच्या टप्प्यांना शेपटीचे पंख, म्हणजे बाणाच्या काडीचं काम झालं. वर हवा विरळ झाली की पंखांचा उपयोग नाही, म्हणून रॉकेट स्वतःभोवती गरागरा फिरवायचं. भोवरा फिरतोय तोवर उभा राहतो ना, तेच तत्त्व. तीन टप्पे जळून संपले की रॉकेट चेंडूसारखं नुसत्या वेगावर वर सरकत राहतं. तेवढ्या वेळात फक्त शेवटचा छोटा टप्पा आडवा करून घ्यायचा, पुन्हा फिरवायचा आणि सगळ्यात उंच जागी पेटवायचा. वाऱ्याचं काय? उडवण्याआधी वारा मोजायचा आणि तेवढ्या हिशोबाने रॉकेटची मांडणीच थोडी फिरवून ठेवायची. पतंग उडवणाऱ्या मुलाला हे सांगायला नको.

या रॉकेटचं नाव लॅम्ब्डा-४एस. लांबी साडेसोळा मीटर आणि वजन फक्त ९.४ टन. तुलना करून पाहा. रशियाच्या पहिल्या स्पुटनिकला नेणारं रॉकेट सुमारे २६७ टनांचं होतं. आपलं एसएलव्ही-३, ज्याने १९८० मध्ये ३५ किलोचा रोहिणी उपग्रह सोडला, ते सुमारे १७ टनांचं. खरं म्हणजे जपानच्या उपग्रहांसाठी म्यू नावाचं मोठं रॉकेट बनत होतं. त्याआधी स्वस्तात तालीम करावी म्हणून लॅम्ब्डा.

पण तालीम काही साधी निघाली नाही. २६ सप्टेंबर १९६६ ला पहिला प्रयत्न झाला. रॉकेटचा तोल गेला, उपग्रह गेला. २० डिसेंबरला दुसरा. या वेळी सगळं ठीक, पण शेवटचा टप्पा पेटलाच नाही. यंत्रणा कमी ठेवली की खर्च वाचतो हे खरं, पण वाटेत चूक झाली तर सावरायला कुणीच नसतं. ही बाजूही मुलांना सांगितली पाहिजे, नाहीतर स्वस्त म्हणजे सोपं असा त्यांचा समज होतो.

वर्तमानपत्रांतून टीका सुरू झाली. अपयशावर झाली तशीच विद्यापीठाच्या रॉकेटच्या पैशांच्या हिशोबावरही झाली, आणि बाण इतोकावांवर रोखलेले होते. मार्च १९६७ मध्ये त्यांनी विद्यापीठ सोडलं. वय ५४. ज्या कामाची सुरुवात आडव्या नळीपासून केली, ते शेवटच्या पायरीवर असताना त्यांना बाजूला व्हावं लागलं.

त्यांच्या मागे त्यांच्या सहकाऱ्यांनी काम चालू ठेवलं. एप्रिल १९६७ ला तिसरा प्रयत्न, तिसरा टप्पा पेटला नाही. मग मच्छीमारांशी वाद झाला. रॉकेट उडवताना समुद्रात बोटी नेता येत नाहीत, त्यांच्या पोटावर पाय येतो. तेव्हा दीड वर्षाच्या आसपास उड्डाणं बंदच राहिली. सप्टेंबर १९६९ ला चौथा प्रयत्न. या वेळचं कारण तर ऐकण्यासारखं आहे. जळून संपलेल्या तिसऱ्या टप्प्यात थोडा जोर शिल्लक राहिला होता. तो वेगळा झाल्यावरही मागून पुढे सरकला आणि पुढच्या टप्प्याला धडकला! सायकलची रांग थांबवताना मागच्याने ब्रेक उशिरा लावावा तसं. उपाय म्हणून तिसऱ्या टप्प्याला मागे खेचणारी छोटी रॉकेटं बसवली.

११ फेब्रुवारी १९७०. दुपारी १ वाजून २५ मिनिटांनी पाचवं लॅम्ब्डा उचिनौराहून उडालं. सगळे टप्पे क्रमाने पेटले. शेवटचा टप्पा आडवा झाला, पेटला आणि २४ किलोचा उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला. चोवीस किलो म्हणजे गव्हाच्या अर्ध्या पोत्याएवढं वजन. ज्या द्वीपकल्पाने जागा दिली त्याचंच नाव उपग्रहाला दिलं, ओसुमी. रशिया, अमेरिका आणि फ्रान्सनंतर स्वतःच्या रॉकेटने उपग्रह सोडणारा जपान हा चौथा देश झाला. चीनने त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी सोडला. ओसुमीचे संदेश साधारण १४-१५ तासच आले, आत उष्णता वाढून त्याची वीज संपली. पण रस्ता सापडला होता.

त्या दिवशी उचिनौराच्या डोंगरावर इतोकावा नव्हते. ते परदेशात होते.

विद्यापीठ सोडल्यावर त्यांनी स्वतःची एक संशोधन संस्था काढली, पुस्तकं लिहिली. १९७४ मधलं त्यांचं उलट्या बाजूने विचार करण्यावरचं पुस्तक जपानमध्ये प्रचंड खपलं. ते चेलो वाजवत आणि वयाच्या साठीच्या सुमारास चक्क बॅले नृत्य शिकायला लागले. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी नागानो प्रांतात त्यांचं निधन झालं.

पुढची हकिकत त्यांच्यामागची. मे २००३ मध्ये उचिनौराहूनच एक यान एका लघुग्रहाकडे निघालं. यानाचं नाव हायाबुसा. आठवलं ना, तोच ससाणा! ऑगस्ट २००३ मध्ये त्या लघुग्रहाला इतोकावा हे नाव मिळालं. आणि त्याच महिन्यात, २ ऑगस्टला, तेहतीस वर्षं फिरून दमलेला ओसुमी उपग्रह वातावरणात शिरून जळून गेला. हायाबुसा २००५ मध्ये इतोकावावर उतरलं आणि १३ जून २०१० रोजी तिथली धूळ घेऊन ऑस्ट्रेलियात परत आलं. लघुग्रहावरची धूळ पृथ्वीवर आणली गेली ती तेव्हा पहिल्यांदाच.

आणि लहान रॉकेट? तेही उचिनौराला संपलेलं नाही. आता उपग्रहच इतके लहान झाले आहेत की एखाद्या डब्यात मावतात. त्यांच्यासाठी जपानने एसएस-५२० हे वरच्या थरांची मोजमापं घेणारं छोटं रॉकेट घेतलं आणि त्यावर तिसरा टप्पा बसवला. लांबी साडेनऊ मीटर, वजन २.६ टन. यातही पंख, स्वतःभोवती फिरणं आणि वर गेल्यावर शेवटचे टप्पे आडवे करून घेणं हीच पद्धत. घरातल्या आणि गाड्यांतल्या उपकरणांसाठी बाजारात मिळणारे सुटे भाग वापरून खर्च खाली आणला. जानेवारी २०१७ मध्ये ते उडालं आणि फसलं. ३ फेब्रुवारी २०१८ रोजी पुन्हा उडवलं. या वेळी तीन किलोचा उपग्रह कक्षेत गेला, आणि उपग्रह कक्षेत नेणारं जगातलं सर्वांत लहान रॉकेट म्हणून त्याची नोंद झाली.